पीटीचं शेपूट

"आणि बुधवारी?" अगायनी विचारलं.

मी अडखळले. सोमवार महादेवाचा म्हणून आमच्यात पळत नाहीत, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा आणि रविवार खंडोबाचा, इथवर मी मोडक्यातोडक्या रशियनमध्ये छान आले होते. बुधवार कुणाचा, ते काही केल्या आठवेना. मागे बाकावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेली माझी खोलीतली मैत्रीण रुबीना सय्यद मराठीत पुटपुटली, "विठोबा सांग की, येडे."

"बुधवारी विठोबा," मी म्हणाले. "तो स्वतःच युगानुयुगं एका जागी उभा आहे. त्याच्या दिवशी तर हलायचंसुद्धा नाही."

अगायची सात बोटं दुमडून झाली होती. डाव्या करंगळीचं टोक त्यांना नव्हतंच, तरुणपणी स्कीच्या शर्यतीत ते थंडीनं गेलं होतं. ते त्या हाताकडे बघत म्हणाले, "सात दिवस, सात देव. आणि एकालाही मुलींनी पळलेलं चालत नाही?"

"मारुतीला पळणं आवडतं," मी म्हणाले, "पण तो स्वतःच पळतो. दुसऱ्याला पळू देत नाही."

बाकावरून रुबीनाच्या घशात बी अडकल्याचा आवाज आला.

अगाय म्हणजे किर्गिझ भाषेत सर. तेमिरबेक अगाय आमच्या मेडिकल विद्यापीठात पीटी घ्यायचे. साठीला आलेला, उंच, वाळवलेल्या चामड्यासारखा माणूस. डोक्यावर उन्हानं विटलेली निळी टोपी, गळ्यात शिट्टी. मी लातूरहून डॉक्टर व्हायला बिश्केकला आले, तेव्हा आमच्या गल्लीत सगळे म्हणत, बिडव्यांची वृषाली रशियाला गेली. किर्गिझस्तान हा शब्द कुणाच्या तोंडात बसेना, आणि रशिया म्हटलं की वजनही पडायचं. एजंटानं अप्पांना सांगितलं होतं की तिथं भात मिळतो आणि नापास कुणाला करत नाहीत. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या होत्या. भात मिळायचा, पण त्यात घोड्याचं मटण असायचं. आणि नापास करत नसत हे खरं. ते शेपूट लावत.

त्याचं असं होतं. प्रत्येकाकडे एक निळं गुणपुस्तक असायचं. सत्राच्या शेवटी प्रत्येक शिक्षकाकडे जाऊन त्यात त्या विषयाची सही घ्यायची. सगळ्या सह्या झाल्या तर डीनच्या कचेरीत ते पुस्तक जमा करायचं, मग परीक्षेला बसायची परवानगी. एकही सही राहिली तर तिकडच्या भाषेत तुम्हाला शेपूट लागलं. शेपूटवाल्याला परीक्षेच्या खोलीत घेत नाहीत. अॅनाटॉमीची सही, लॅटिनची सही, किर्गिझस्तानच्या इतिहासाची सही आणि पीटीची सही, चारींची किंमत सारखी. माणसाच्या कवटीतली सगळी भोकं लॅटिनमधून म्हणून दाखवणारी एक मुलगी दोरीवर चढता आलं नाही म्हणून अडकलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. मेडिकलला शरीर शिकवतात म्हणजे मेलेलं शिकवतात, अशी माझी समजूत होती. जिवंत शरीराला दोन वर्षं पळवतात, हे एजंटानं सांगितलंच नव्हतं.

आणि माझ्याकडून पळणं होत नव्हतं. शाळेतही कवायतीच्या वेळी मला झेंडा धरून उभं करत, कारण रांगेत घातलं की रांग बिघडायची. बिश्केकला पहिल्या वर्षी मी डोकेदुखी, पोटदुखी, पाळी यांवर निभावलं. महिन्यातून चार वेळा पाळी येते म्हटल्यावर अगायनी भुवया उंचावल्या, म्हणून दुसऱ्या वर्षी मी देवांकडे वळले. रुबीनानं टेबल टेनिस खेळून सही कधीच मिळवली होती. आता मे महिना आला, आणि सबंध गटात माझी एकटीचीच सही राहिली होती.

"ठीक आहे," अगाय म्हणाले. "देवांशी मी भांडत नाही. चालायला परवानगी आहे?"

"आहे."

"मग माझ्याबरोबर मैदानाला एक फेरी चाल. तेवढ्यावर बघू."

मला वाटलं, जिंकले. आम्ही चालायला लागलो. दक्षिणेकडे बर्फाचे डोंगर होते, कडेला पॉपलरची उंच झाडं, आणि अगाय गप्प होते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. फाटकापासून सगळ्यात लांबच्या टोकाला आलो, तिथं ते थांबले. "ओय," म्हणाले. त्यांनी छातीवर हात दाबला, गुडघ्यावर बसले आणि गवतात आडवे झाले.

मी त्यांच्याजवळ बसकण मारली. अगाय, अगाय म्हणून हलवलं. डोळे मिटलेले. डोक्यात लॅटिनचा एक शब्द उरला नाही. हातानं मात्र आपणहून त्यांचं मनगट धरलं. नाडी कशी बघायची, हे आम्हाला नुकतंच शिकवलं होतं. आम्ही मुली एकमेकींच्या नाड्या बघून खिदळत असू. इथं खिदळण्यासारखं काही नव्हतं. बोटांखाली जे लागत होतं त्याला ताल नव्हता. दोन ठोके घाईनं, मग एक हरवलेला, मग एक जोरकस, मग बारीकबारीक तीन-चार एकदम. ढोलपथकात सगळी नवीच पोरं घेतल्यासारखं.

मी पळाले.

सरळ मैदानातून नाही, कारण मध्ये मुलांचा फुटबॉल चालला होता. कडेकडेनं, मातीच्या पट्टीवरून, अर्धी फेरी. चप्पल एक कुठंतरी गेली. बाकावर रुबीना उभी राहिली आणि तिच्या मांडीवरच्या सगळ्या बिया सांडल्या. नंतर ती म्हणायची, तिला वाटलं मागं कुत्रं लागलंय. फाटकाशी दवाखान्याची खोली होती, तिथं ल्यूबा नर्स चहा पीत बसली होती. "अगाय... हृदय... पडले..." मी म्हणाले.

"पुन्हा?" ल्यूबा म्हणाली आणि चहाचा घोट घेतला.

त्या 'पुन्हा'चा अर्थ मला कळला नाही. मी तिचा दंड धरून तिला उठवलं आणि ओढत उरलेली अर्धी फेरी परत. तिथं पोचलो तर तेमिरबेक अगाय उभे होते. हातात स्टॉपवॉच होतं आणि चेहराभर हसू.

"पळाली!" ते मैदानभर ऐकू जाईल असं ओरडले. "सात देवांच्या नाकावर टिच्चून पळाली! वेळ वाईट आहे, पण पूर्ण एक फेरी. पास!"

"दर वर्षी एकीला असंच पळवतो हा म्हातारा बोकड," ल्यूबा मला म्हणाली, आणि गार झालेल्या चहाला शिव्या घालत निघून गेली.

मी खाली बसले. छातीत इंजिन चालू होतं, डोळ्यांपुढे काजवे. अगाय खिशातून पेन काढून म्हणाले, "आण ते पुस्तक."

"हात द्या," मी म्हणाले.

"अभिनंदनाला?"

"नाडी बघू द्या. तुमची नाडी बिघडलेली आहे."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मान मागे टाकून इतके हसले की फुटबॉलवाले थांबले. "हा आठवा देव का?"

"अगाय, खरंच. ठोके वेडेवाकडे आहेत. पडलात ते नाटक असेल, पण ठोके नाटक करत नाहीत."

"मुली, मी तुला फसवलं, आता तू मला फसवतेस. ठीक आहे, फिटलं. पुस्तक आण."

"ईसीजी काढून या. मग सही घेते."

मी असं का म्हणाले, हे मला आजही नीटसं सांगता येणार नाही. थोडा राग होता. गवतात पडलेल्या माणसासाठी मी जीव तोडून पळाले होते आणि तो माणूस घड्याळ बघत होता. पण त्याहून जास्त म्हणजे माझ्या बोटांना काहीतरी लागलं होतं. दीड-दोन वर्षं मी पुस्तकं पाठ करत होते. बोटांना काही लागण्याची ती पहिलीच वेळ. आणि समोरचा माणूस ते हसण्यावारी नेत होता.

"ईसीजी?" अगाय म्हणाले. "कुणाकडे? या शहरातले सगळे डॉक्टर माझ्या हाताखालून गेलेत. हृदयाच्या इस्पितळातला मोठा साहेब, एर्मेक असानोविच, माहीत आहे? दोरीवर लटकवला की बटाट्याचं पोतं. तीन वेळा मी त्याला परत पाठवला. तो माझ्या छातीला हात लावणार?"

आणि ते शिट्टी वाजवत निघून गेले.

त्यानंतरचे चार दिवस आमच्या विद्यापीठानं कधी न पाहिलेला प्रकार पाहिला. विद्यार्थी सहीसाठी शिक्षकांच्या मागे धावतात, जिन्यात गाठतात, संडासाबाहेर थांबतात. ते रोजचंच होतं. इथं शिक्षक सही द्यायला फिरत होते आणि विद्यार्थिनी लपत होती. अगाय कॅन्टीनच्या दाराशी पेन घेऊन उभे राहायचे, मी मागच्या दारानं निघायचे. एकदा ते थेट अॅनाटॉमीच्या हॉलमध्ये आले, प्रेतं मांडलेल्या टेबलांमधून वाट काढत. "बिडवे! पुस्तक!" मी प्रेताच्या पलीकडे उभी राहिले. "ईसीजी!" मी म्हणाले. अॅनाटॉमीच्या बाईंनी दोघांनाही बाहेर काढलं.

"तुला कळतंय का तू काय करायलीस?" रुबीनानं त्या संध्याकाळी चपाती लाटता लाटता विचारलं. "शुक्रवारी बारा वाजता कचेरी बंद. पुस्तक गेलं नाही तर शेपूट. शेपूटवाल्यांना जुलैभर उन्हाळी वर्ग, ऑगस्टात परीक्षा. तोवर घरी जायचा कागद मिळत नाही. आणि शैलाताईचं लग्न?"

शैलाताई माझी मोठी बहीण. चातुर्मास लागायच्या आत, जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिचं लग्न होतं. अप्पांचं लातूरच्या गंजगोलाई बाजारात भांड्यांचं दुकान. त्यांनी माझ्यासाठी म्हणून आहेराचं एक पितळी घंगाळ वेगळं काढून ठेवलं होतं, मीच ते तिला द्यायचं म्हणून.

"तो शुक्रवारच्या आत जाईल," मी म्हणाले.

"तो म्हणत असेल, ती शुक्रवारच्या आत येईल." तिनं लाटणं खाली ठेवलं. "खरं सांग, तुला नक्की लागलं होतं का? का भीतीनं तुझंच काळीज धडधडलं?"

हाच तर प्रश्न होता. मी तिचं पिठाचं मनगट धरलं. एक, दोन, तीन, चार, सरळ. मग मी होस्टेलच्या आमच्या सबंध मजल्यावर फिरले. बिहारच्या पोरी, राजस्थानच्या पोरी, केरळची एक नन, दारावरची म्हातारी तात्याना. सगळ्यांच्या नाड्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळेसारख्या, एका रांगेत. तात्यानाची जरा हळू, पण रांगेत. मी परत आले आणि म्हणाले, "मला लागलं होतं."

"मग तुझं तोंडच उलटं बसवलंय देवानं," रुबीना म्हणाली. "खोटं बोलतेस तेव्हा लोक वर्षभर ऐकून घेतात, खरं बोलतेस तेव्हा हसतात."

ल्यूबालाही मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, त्या बोकडाला काही होत नाही, तो आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. फिजिऑलॉजीच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, नाडीचे विकार चौथ्या वर्षाला आहेत, आत्ता तुला ते कळणं शक्य नाही. जणू अभ्यासक्रमात येईपर्यंत आजाराला बोटांना लागायची परवानगी नव्हती.

शुक्रवारी साडेअकराला मी पुस्तक पिशवीत घालून डीनच्या कचेरीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. अगाय आधीच तिथं होते. आज शिट्टी नव्हती. जिना चढून आल्यानं श्वास लागलेला मला दिसला. त्यांना कळलं की मला दिसला, म्हणून त्यांनी तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायला सुरुवात केली.

"आण," ते म्हणाले.

"जाऊन आलात?"

"सोमवारी जाईन. शब्द देतो."

"मग सही सोमवारी घेते."

"सोमवारी काय उपयोग, गाढवे!"

"माझी सही आहे. उपयोगाचं मी बघते."

आत डेप्युटी डीनबाई पुस्तकं मोजून गठ्ठे बांधत होत्या. शेवटची दोन मुलं धावत आत गेली आणि घाम पुसत बाहेर आली. अगाय पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मी समोरच्या भिंतीवरचं पहिल्या राष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये बक्षीस मिळवलेल्या कुणाचं तरी चित्र बघत बसले. मनातल्या मनात मात्र मी हरत होते. लग्नातली हळद, ताईचा चेहरा, मंडपातली गर्दी, सगळं डोळ्यांपुढून जात होतं. अजून एकदा कुणी 'पुस्तक दे' म्हटलं असतं तर मी दिलं असतं. पण तो म्हातारा नेमका तेव्हाच गप्प बसला. त्याची खात्री होती की शेवटच्या मिनिटाला मी मोडणार. माझीही खात्री होती, की तो मोडणार.

आतून कडी लागली. डेप्युटी डीनबाईंनी दार बंद केलं होतं.

अगाय ताडकन उठले. त्यांनी दारावर मूठ हाणली. "जमीला! उघड! एक राहिलंय!"

"बारा वाजले, तेमिरबेक," आतून आवाज आला. "आता ऑगस्टात."

"अगं, मी इथंच आहे, पेन हातात आहे!"

"मग गेला आठवडाभर काय करत होतास?"

ते परत येऊन बाकावर बसले. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मला रडू येत होतं आणि त्या माणसासमोर रडायचं नव्हतं.

"तुझ्या बहिणीचं लग्न आहे ना?" त्यांनी विचारलं. मार्चमध्ये सहीसाठी गयावया करताना मीच ते सांगितलं होतं. "की तेही खोटं?"

"ते खरं आहे."

"देव?"

"देव खरे आहेत. पळण्याचं खोटं."

"मग आता जाणार नाहीस लग्नाला?"

"कशी जाणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभर ते माझ्याकडे बघत आले होते, पण ते चोराकडे बघितल्यासारखं. आत्ता ते काहीतरी जुळवत होते. खोटं बोलून मी आजवर काय काय मिळवलं, आणि हे बोलून काय मिळालं. हिशेब जुळेना तसा त्यांनी बाही वर केली आणि आपणहून हात माझ्यापुढे धरला.

मी मनगट धरलं. तेच होतं. उलट आज जास्तच. अगाय नाडीकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना जे कळायचं ते तिथून कळलं.

"चल," ते उठले.

"कुठं?"

"बटाट्याच्या पोत्याकडे."

एर्मेक असानोविच हे खरोखरच पोत्यासारखे होते. भलंमोठं पोट, सोनेरी चष्मा, टेबलावर तीन फोन. अगायना दारात बघून ते खुर्चीतून उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की मला वाटलं, वीस वर्षं ते याच दिवसाची वाट बघत असणार.

"तेमिरबेक अगाय! या. शर्ट काढा. आडवे व्हा. हलायचं नाही."

"मी हलत नाहीये."

"बोलायचं पण नाही. श्वास घ्या. एवढ्या जोरात नाही. तुम्हाला साधं पडून राहता येत नाही? आम्हाला तर म्हणायचात, शरीरावर ताबा पाहिजे."

नर्सनं छातीला तारा लावल्या. मशीनमधून कागदाची पट्टी सरकायला लागली. एर्मेक असानोविच ती बोटांतून सरकवत होते आणि हसत होते. मग हसणं कागदाबरोबर हळूहळू सरकून गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्टेथोस्कोप कानाला घालून ते छातीवर वाकले आणि दुसऱ्या हातानं मनगट धरलं. पुष्कळ वेळ तसेच राहिले.

"कुणाच्या लक्षात आलं हे?" त्यांनी विचारलं.

अगायनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

"कितव्या वर्षाला आहेस?"

"दुसऱ्या."

"इकडे ये." त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला, माझी बोटं अगायच्या मनगटावर ठेवली. "ऐक आणि बोटांनी मोज. छातीत किती वाजतात, हाताला किती पोचतात?"

छातीत जास्त वाजत होते. काही ठोके निघत होते आणि वाटेतच मरत होते. मी तसं सांगितलं. 'वाटेतच मरतात' हे रशियनमध्ये मला तसंच म्हणता आलं. एर्मेक असानोविचनी मान डोलावली, जणू पुस्तकात तसंच लिहिलेलं असावं.

"हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतोय," ते अगायना म्हणाले. आता आवाजात जुना हिशेब नव्हता. "रक्त तिथं साचतं, गुठळी होते. गुठळी सुटली की मेंदूत जाते. महिन्यानं असेल, उद्या असेल. आज तुम्ही घरी जाणार नाही."

"आज मुलांची रिले आहे," अगाय म्हणाले.

"झोपा," एर्मेक असानोविच ओरडले, आणि तेमिरबेक अगाय झोपले.

इस्पितळातून सुटल्या सुटल्या ते माझ्यासाठी भांडायला डीनकडे गेले. डीनच काय, रेक्टरकडेही गेले, गोळ्यांची पिशवी हातात घेऊन. सगळ्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला, तब्येत विचारली, त्या भारतीय मुलीचं कौतुक केलं आणि सांगितलं की नियम तो नियम. परीक्षा झाल्या. होस्टेल रिकामं झालं. रुबीना जाताना माझ्याकडे चटणीचा डबा, तूप आणि तिची चांगली चादर ठेवून गेली. "ताईला काय सांगू?" तिनं विचारलं. ती बीडला जाताना लातूरला लग्नाला जाणार होती.

"परीक्षा पुढं गेली म्हणावं."

जुलैच्या वर्गाला पीटी शिकवायला एक तरुण बाई आल्या, पूर्वी व्हॉलीबॉल खेळलेल्या. त्यांनी देवांची चौकशी केलीच नाही. रोज सकाळी शिट्टी, आणि पळ. मी पळाले. पहिल्या दिवशी ओकले, नंतर ओकायची थांबले.

अगायना रोज चालायला सांगितलं होतं, सावकाश. सावकाश हा शब्द त्यांच्या अंगात नव्हता. संध्याकाळ व्हायच्या आत ते होस्टेलच्या दाराशी यायचे आणि आम्ही कालव्याच्या कडेनं पॉपलरखालून चालायचो. ते तीन पावलं पुढं जायचे, मी मागून ओरडायचे, "हळू! अगाय, हळू!" आणि येणारे-जाणारे वळून बघायचे की एक जाड परदेशी मुलगी शिट्टीवाल्या तेमिरबेकला दटावतेय.

लग्नाच्या दिवशीही आम्ही चालतच होतो. फोन वाजला. पलीकडे सनई, बँड, कुणीतरी वाढप्याच्या नावानं हाका मारतंय, आणि त्या सगळ्यातून अप्पांचा आवाज.

"वृषे, मंडपातून भायेर आलोय. ती बीडची पोरगी आलीय. तिला इचारलं तर डोळे चुकवायलीय. खरं सांग, कशात राहिलं?"

"अप्पा, काही नाही, परीक्षा पुढं..."

"खरं सांग."

मी थांबले. अगायही थांबले.

"पीटीत," मी म्हणाले.

"पीटीत?" अप्पा म्हणाले. "अगं बाई, पीटीत कोण नापास होतंय?"

अगायनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, हात पुढे केला आणि फोन काढून घेतला. परक्या माणसाला आपली भाषा मोठ्यानं बोललं की कळते, अशी त्यांची समजूत होती. ते रशियनमध्ये कालव्यापलीकडे ऐकू जाईल असं बोलायला लागले.

"तुमची मुलगी वाईट पळते! फार वाईट! खोटं मात्र उत्तम बोलते! पण तिनं माझा हात धरला आणि मी हसलो तरी सोडला नाही. स्वतःचं नुकसान झालं तरी सोडला नाही. म्हणून मी जिवंत आहे. समजलं? जिवंत!"

पलीकडून अप्पाही तितक्याच मोठ्यानं बोलत होते. फोन कानापासून लांब होता तरी मला शब्दनशब्द ऐकू येत होता. "सर, पोरगी हुशार हाय! पळायचं तेवढं तिला जमत नाही. आमच्या घरात कुणालाच जमत नाही, सर! पण मन लावून करतीय. जरा सांभाळून घ्या!"

दोघंही एकमेकांना मध्येच थांबवत, हो हो, दा दा करत पुष्कळ बोलले. समाधान झाल्यावर अगायनी फोन परत दिला.

"काय म्हणाले वडील?"

"म्हणाले, हिला रोज पळवा."

अगायनी गंभीरपणे मान हलवली.

"वृषे, काय म्हणले गं सर?" अप्पांनी विचारलं.

"म्हणाले, पास झाली."

अप्पांनी सुस्कारा टाकला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, अप्पा, चला, वेळ झाली, अक्षता वाटल्या. "थांब, ठेवू नको," अप्पा म्हणाले. "ऐक." त्यांच्या पावलांचा आवाज आला, गर्दीचा आला, आणि मग त्यांनी फोन वर धरला असावा, कारण एकदम मंगलाष्टकं स्पष्ट ऐकू यायला लागली. मी फोनचा स्पीकर लावला.

"हे काय आहे?" अगायनी हळूच विचारलं. सगळे एका सुरात गंभीरपणे काहीतरी म्हणतायत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी बघितलं, आणि त्यांचं त्यांनीच ठरवलं की हे आमचं राष्ट्रगीत असणार. त्यांनी टोपी काढली. टाचा जुळवल्या. डोंगरांकडे तोंड करून ते ताठ उभे राहिले.

मी त्यांना काही सांगितलं नाही. मीही त्यांच्या शेजारी ताठ उभी राहिले, शेवटचं सावधान होईपर्यंत.